खांबावरचा फोन

जंगलातल्या गुंद गावी गिरजामावशीच्या घराच्या ओसरीला चार खांब आहेत. त्यातल्या गोठ्याकडच्या खांबाला छातीइतक्या उंचीवर एक खिळा होता, खिळ्याला वेताची लहान परडी आणि परडीत फोन. फोन परडीतून काढून वीतभर बाजूला नेला की आवाज तुटायचा. त्यामुळे बोलायचं असलं की स्पीकर लावायचा आणि फोन परडीतच राहू द्यायचा. स्वयंपाकघराचं दार त्या खांबासमोरच उघडतं. चुलीपुढे बसूनही मावशीला पलीकडचं ऐकू यायचं.

वाडीत दुसऱ्या कुणाच्याच घरात रेंज येत नाही. बाकीचे लोक वरच्या टेकडीवर जातात. तिथल्या एका सपाट खडकाला सगळे रेंजचा दगड म्हणतात. वाट अर्ध्या तासाची आहे आणि दिवस कलला की तिथं अस्वल फिरतं, म्हणून चार वाजल्यानंतर कुणी जात नाही.

हा फोन मीच मावशीला विकला होता. बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी रामनगरला विनायकदादांच्या मोबाईलच्या दुकानात दुरुस्तीला बसते. तीन वर्षांपूर्वी मावशी मुलाबरोबर, गणपतीबरोबर आली होती. काउंटरवर ठेवलेल्या फोनांकडे बघत तिनं एकच प्रश्न विचारला होता, "ह्यातला कुठला जंगलात बोलतो?" त्या मॉडेलची अँटेना अगदी क्षीण सिग्नलही धरून ठेवायची. म्हणून मी तो दिला.

तिला बोलायचं होतं ते बहिणीशी, केशरशी. केशर तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा सात वर्षांच्या केशरनं चार वर्षांच्या गिरजाला कडेवर घेऊन पेज भरवली, आणि पुढं दोघी एकाच उखळात दोन मुसळांनी भात कांडत मोठ्या झाल्या. केशरचं लग्न खानापूरकडं झालं, गिरजाचं गुंदला. मग चाळीस वर्षं त्या फक्त लग्नकार्यात आणि गणेशचवथीला भेटल्या. गिरजाचा नवरा म्हादू जंगलातल्या लाकूडतोडीच्या कामावर झाड अंगावर पडून गेला, ते केशरला आठ दिवसांनी कळलं. पुढं केशर मुलाबरोबर बेळगावला राहायला गेली, तिसऱ्या मजल्यावर.

फोन आल्यावर पहिल्या दिवशी दोघींना काय बोलावं ते सुचेना. "जेवलीस?" "न्हाई, रांधायचंय अजून." "मग कर जा." "तू पण कर." दोघींनी फोन सुरूच ठेवला आणि आपापल्या चुलीपुढं जाऊन बसल्या. तेव्हापासून तोच रिवाज पडला. संध्याकाळी सहाला बेळगावहून केशरची सून श्वेता फोन लावून द्यायची आणि जेवण रांधून होईपर्यंत तो तसाच चालू राहायचा. बोलणं थोडं व्हायचं. इकडून जाळ फुंकल्याचा, भाकरी थापल्याचा आवाज जायचा आणि तिकडून कुकरची शिट्टी यायची.

"तुझ्या घरातनं रेल्वे जाती काय गे?" गिरजा विचारायची.

"जाऊ दे की. तुझी मोहरी जळली बघ," केशर म्हणायची. "तडतड थांबून किती वेळ झाला. पन्नास वर्षं झाली शिकवून."

मी एकदा गुंदला गेले होते तेव्हा हे ऐकलं. मोहरी खरंच जळली होती.

मागच्या पावसाळ्यात केशरला पोटाचा आजार निघाला. डॉक्टरांनी घरी नेऊन ठेवायला सांगितलं. तिचं रांधणं बंद झालं. श्वेता फोन तिच्या उशाशी ठेवू लागली. आता आवाज एकाच बाजूनं जायचा. गिरजा काय चिरते, काय फोडणीला घालते हे केशर पडल्या पडल्या ओळखायची. श्वेतानं मला नंतर सांगितलं, की त्या तासाभरात सासूबाई पाण्याचे चार घोट जास्त घ्यायच्या.

गिरजाला बहिणीकडं जायचं होतं. पण भात पोटरीत आलेला, रानडुकरं रोज बांधापर्यंत यायची. गणपती गोव्याला मासेमारीच्या बोटीवर, पंधरा-पंधरा दिवस समुद्रात. सून बाळंतपणाला माहेरी, तेही जंगलातलंच गाव. घरी गिरजा आणि चौथीतली नात मयूरी. "कापणी झाली की येते," असं तिनं केशरला सांगितलं होतं. केशर म्हणाली होती, "ये. मी हाय तवर."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कंपनीचा निरोप आला. त्या मॉडेलच्या काही फोनांची बॅटरी सदोष होती. आतल्या दोन थरांमधला पातळ पडदा काठाशी दुमडला गेला होता, त्यामुळं बॅटरी तापून फुगण्याची, क्वचित पेटण्याची भीती होती. महिनाअखेरपर्यंत जुना फोन दुकानात जमा करायचा, बदल्यात नवा मिळणार. मी यादीतले नंबर आमच्या रजिस्टरशी ताडून पाहिले. सोळा गिऱ्हाइकं निघाली. त्यात गिरजामावशी.

बाजाराच्या दिवशी ती आली, मयूरीला घेऊन. मी तिला सगळं समजावलं. तिनं फोन पदराच्या गाठीतून काढून काउंटरवर ठेवला, पण हात वरून काढला नाही.

"नवा माझ्या खांबावर बोलंल?"

नवं मॉडेल वेगळं होतं. मावशीच्याच वाडीतल्या नागूनं ते घेतलं आहे आणि त्याला दगडावर जावं लागतं, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "बहुतेक नाही, मावशी."

विनायकदादा गिऱ्हाइकाला कव्हर दाखवता दाखवता म्हणाले, "मावशी, दे तो आन् नवा घे. खांब बदल म्हंजे झालं."

"खांब बदलीन रे. डोंगर कोण हलवतोय?"

दुकानातले दोघे-तिघे हसले. मावशी हसली नाही. तिनं मला विचारलं, "हा किती दिवसात पेटतो?"

"पेटेलच असं नाही. हजारांत एखादा."

"आन् पेटला तर?"

"जवळ गवत, कपडे असतील तर घर पेटेल."

तिनं मयूरीकडं पाहिलं. मयूरी काचेतल्या रंगीत हेडफोनकडं बघत होती. मग मावशी म्हणाली, "पोरगी आतल्या खोलीत निजती. फोन भाईर खांबावर. गवताची उडवी मी गोठ्यापलीकडं नेते. सोनाली, पंधरा दिवस ठेवू दे गे. कापणी झाली की मी बेळगावला जाते, तिच्याजवळच बसते, मग कशाला लागतोय मला फोन? जाताना तुझ्याकडं देऊन जाईन."

नियमाप्रमाणे मी नको म्हणायला हवं होतं. जबरदस्तीनं काढून घेता येत नव्हता, पण समजावता आलं असतं. उलट मी तिला उपाय सांगत बसले. "चार्जिंगला लावून झोपू नको. उन्हात ठेवू नको. बोलणं झालं की बंद कर आणि थंड जागी ठेव."

"थंड जागी," तिनं मान डोलावली. "ठेवते."

आमच्याकडं घरातली थंड जागा एकच असते. पाण्याच्या घड्याखाली ओल्या वाळूचा थर असतो. घडा झिरपतो, वाळू कधी सुकत नाही. त्या वाळूत कंद पुरून ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत ताजे राहतात. नागवेलीची पानंही तिथंच. जे काही तापून खराब होईल ते सगळं घड्याखाली.

मावशीनं फोन कुंभ्याच्या रुंद पानात नीट गुंडाळला आणि घड्याखाली वाळूत ठेवला. सकाळी चार्ज करायची, संध्याकाळी सहाला काढून परडीत, बोलणं झालं की परत वाळूत. फोन हाताला गार लागायचा आणि तिला बरं वाटायचं. केशरलाही तिनं सांगितलं, "माझा फोन आता कंदाशेजारी निजतोय." केशर म्हणाली, "मग उगवंल बघ."

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी, सोमवारी, फोन सुरूच होईना. पडदा काळाच. मयूरीनं पुसला, चार्जिंगला लावला, पण दिवासुद्धा लागला नाही. मंगळवारी मावशीच्या शेताची कापणी होती. आमच्याकडं कापणीला मजूर नसतात. आज सगळी वाडी एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. मंगळवार मावशीचा होता. बारा माणसं विळे घेऊन दारात आल्यावर तिला निघता येईना.

दुपारी मयूरी सिमकार्ड घेऊन नागूकाकाबरोबर दगडावर गेली आणि ते त्याच्या फोनमध्ये घालून पाहिलं. पण नंबर सिममध्ये नव्हते, सगळे फोनमध्येच होते. आणि बेळगावचा नंबर पाठ असायची कुणालाच कधी गरज पडली नव्हती, कारण फोन नेहमी तिकडूनच यायचा. मुलाला विचारावं तर तो समुद्रात. नागूनं दहा मिनिटं वाट पाहिली, काही फोन येतोय का. मग ऊन उतरायला लागलं आणि दोघं खाली आले.

बुधवारी पहिल्या बसनं, जोयड्याला गाडी बदलून, मावशी अकरा वाजता दुकानात पोहोचली. लुगड्याला भाताची कुसळं तशीच होती.

"बघ गे, ह्याला काय झालंय. मी लई जपला."

मी मागचं झाकण उघडलं. चार्जिंगच्या भोकात वाळूचे कण होते, आतल्या तांब्याच्या टाक्यांवर हिरवा गंज चढलेला.

"मावशी, हा पाण्यात पडला होता?"

"न्हाई. घड्याखाली वाळूत ठेवत होते, थंड जागी. तू सांगितलंस तसं."

रजिस्टरमध्ये दुसरा नंबर म्हणून श्वेताचा लिहिलेला होता. तो मी दुकानाच्या फोनवरून लावला. केशर गेल्याचं श्वेतानं आधी मलाच सांगितलं. मी फोन मावशीच्या हातात दिला. मला सांगायचं धैर्य झालं नाही.

मावशीनं ऐकून घेतलं. "कवा?" तिनं विचारलं. "पहाटं," श्वेता म्हणाली. दुकानात शांतता होती, त्यामुळं पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"काल संध्याकाळी काही खाल्लं होतं तिनं?"

"न्हाई, मावशी. दोन दिवस सारखं विचारत होत्या, गिरजाची चूल पेटली काय. तुमचा फोन बंद. काल मला बघवेना. मी ह्यांचा फोन घेऊन सैपाकघरात गेले, तिथनं उशाच्या फोनावर लावला, कढईत फोडणी घातली, भांडी वाजवली. त्यांच्या उशाला स्पीकर चालू होताच. म्हटलं, त्यांना वाटू दे. त्या म्हणाल्या, ही गिरजा न्हवं. गिरजा मोहरी जाळती."

मावशीनं फोन काउंटरवर ठेवला, उलटा. विनायकदादांनी स्टूल पुढं केलं, ती बसली नाही. "बेळगावची गाडी किती वाजता?" एवढंच विचारलं. दादा स्वतः स्टँडपर्यंत गेले आणि तिला बसवून आले.

बंद फोन माझ्याकडंच राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही नाही, लागली. पण दुसऱ्या दिवशी मी सगळी कामं बाजूला ठेवून तो उघडला. स्पिरिटनं बोर्ड धुतला, एकेक टाका ब्रशनं साफ केला, चार्जिंगचा भाग बदलला. हे मी का करत होते ते मला सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी तो सुरू झाला. पडद्यावर आजवर आलेल्या फोनांची यादी उघडली. सगळे श्वेताच्या नंबरावरून, सगळे संध्याकाळी सहानंतरचे.

मावशी तेरावं उरकून परतताना आली. महिन्याचा शेवटचा दिवस होता. मी तिच्यासमोर चालू फोन ठेवला.

"हा सुरू झालाय, मावशी. बॅटरीही मी तपासली, फुगलेली नाही. तुला ठेवायचा असेल तर मी यादीत लिहीन, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून."

तिनं फोन हातात घेतला, उलटून पाहिला. झाकणाच्या फटीत एक वाळूचा कण अजून अडकला होता, तो नखानं काढला.

"खांबावर बोलंल?"

"बोलेल."

"कुणाशी?" ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आन् पोरीला धोका हाय तो हायच न्हवं?"

"हाय."

"मग घे."

जमा झालेल्या फोनांसाठी कंपनीनं जाड पत्र्याची पेटी पाठवली होती. तिच्या तळाला वाळू भरायची, प्रत्येक फोनवर वाळू टाकायची, म्हणजे एखादा पेटला तरी आग पसरत नाही. मी झाकण उघडलं. मावशी वाकून आत बघत राहिली.

"तू पण वाळूतच ठेवतीस की गे."

"ही कोरडी आहे, मावशी."

"व्हय?" तिनं दोन बोटांत चिमूटभर वाळू धरली आणि पेटीत सोडली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं स्वतःच्या हातानं फोन आत ठेवला, कंद ठेवतात तसा, जरा खोचून. वर वाळू मी टाकली.

नवा फोन तिनं घेतला आणि खोक्यासकट मयूरीसाठी ठेवला. मयूरी सुट्टीच्या दिवशी तो घेऊन दगडावर जाते, बापाशी बोलते.

जानेवारीत मी गुंदला गेले होते. ओसरीवरच्या खांबाला खिळा तसाच होता, परडीत लसणाच्या गड्ड्या होत्या. मावशीनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. चुलीवर कढई ठेवली, तेल घातलं, मोहरी टाकली. मोहरी तडतडली आणि थांबली. चिरलेल्या भाजीचं ताट तिच्या हातात होतं. तशीच ती दाराबाहेरच्या खांबाकडं तोंड करून थांबली. कढईतून धूर निघू लागला.

मोहरी जळली होती. ते सांगायला हवं, हे मला कळत होतं. मी गप्प बसले. थोड्या वेळानं तिनं भाजी कढईत टाकली.