शनिवारची खबरबात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला न सांगता माझ्याकडे काही शिल्लक राहू शकतं, यावर आमच्या घरातलं कुणी विश्वास ठेवणार नाही. पण सरळ तिथं जायला जीभ अजून तयार नाही. म्हणून आधी मेथीचं सांगतो. मेथीचं सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मी एका हायस्कुलाचा मुख्याध्यापक. दर शनिवारी, सकाळच्या शाळेत, प्रार्थना झाली की मी माइकवर उभा राहून आठवड्याची हकीकत सांगतो. कुणाचा डबा कुणी खाल्ला, आठवी 'ब'च्या प्रयोगात कोणत्या सरांच्या भुवया जळल्या, नळाला पाणी आलं त्या दिवशी दहावीचा निम्मा वर्ग कुठं गायब होता — असलं सगळं. पोरांनी तिचं नाव ठेवलंय 'शनिवारची खबरबात'. गच्चीवरचा भोंगा जुना आहे, पण दमदार. आमचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, तेव्हा मी काय बोलतो ते आमच्या स्वयंपाकघरात शब्दन्‌शब्द ऐकू येतं.

तर गेल्या शनिवारी खबरबात संपली, पोरं अजून रांगेतच होती, आणि खिशातला फोन वाजला. बायकोचा. माइक बंद केलाय अशा समजुतीत मी तिथंच बोललो, "आणतो गं मेथी. पण निवडायला मला बसवू नको. मागं काड्या राहिल्या, तर तू पाहुण्यांदेखत माझी शाळा घेतलीस."

आमचे शिपाई सय्यदमामा लांबून हात हलवत पळत आले. "सर! माइक! माइक चालू है ना!"

हेही भोंग्यावरून गेलं.

पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. मीही हसलो आणि म्हणालो, "तर मुलांनो, आठवड्याची शेवटची खबर. मुख्याध्यापकांना मेथी निवडता येत नाही." पुन्हा हशा. नंतर चहाच्या वेळी, यंदाच लागलेल्या एक तरुण मॅडम म्हणाल्या, "सर, स्वतःवर इतकं हसायला मन मोठं लागतं हो."

मोठं मन!

खरं सांगू? मी स्वतःवर हसतो, कारण दुसऱ्यावर हसायचा माझा वाटा मी एकदाच, एका सकाळी, वापरून संपवला.

आमच्या शाळेत पाठक बाई होत्या. मराठी शिकवायच्या. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि शाळेत मराठीचे वर्ग निघाले, तेव्हा त्यांचे वडील इथं मास्तर म्हणून आले होते. आमची प्रार्थना त्यांनीच लिहिलेली, चालही त्यांचीच. दुसऱ्या कुठल्या शाळेत ती ऐकू येणार नाही. बाई रोज माइकवर एकेक ओळ सांगायच्या, पोरं मागून म्हणायची. आवाज काही फार गोड होता असं नाही. पण पक्का होता. परिपाठाला उशीर झालेलं पोरगं फाटकाबाहेर त्या आवाजानं जागच्या जागी उभं राहायचं.

मी पाचोडकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. शहरातल्या शाळेत मास्तर होऊन पहिल्यांदा माइकवर उभा राहिलो आणि "मला लई आनंद वाटला" असं बोलून बसलो. मग स्टाफरूममध्ये आठवडाभर 'लई आनंद' चालला. चहा आला की लई आनंद, पगार झाला की लई आनंद. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "पोरांना कळलं ना? मग झालं," म्हणाल्या, आणि त्यांच्या डब्यातलं अर्धं धपाटं माझ्यापुढं सरकवलं.

हे मी कशाला सांगतोय? त्यांच्या चांगुलपणाचं वर्णन केलं की माझं ओझं हलकं होईल म्हणून? नाही. मी घाव घातला तो कुणावर, हे तुम्हाला कळावं म्हणून.

पुढं मी मुख्याध्यापक झालो. खबरबात सुरू केली आणि बघता बघता ती गाजली. पालक फाटकाशी थांबून ऐकायचे. समोरच्या किराणावाल्यानं शनिवारी सकाळी रेडिओ लावणं बंद केलं — हे त्यानंच मला सांगितलं, आणि मी ते कितीतरी जणांना सांगितलं. आठवडाभर माझे कान एकाच गोष्टीकडे असायचे. शनिवारी हसवायला काय मिळतंय?

अशाच एका सोमवारी, मधल्या सुटीत, बाई माझ्या खोलीत आल्या. "सर, दार लोटू का?" म्हणाल्या. मला वाटलं, रजेचं काही असेल.

त्या बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, अगदी सहज काही सांगावं तसं म्हणाल्या, "परवा ओट्यावर कुकर होता, शिट्टी होत होती, आणि त्याला काय म्हणतात तेच मला आठवेना. पोरीला म्हटलं, ते — ते बंद कर." मग थोडं हसल्या. डॉक्टर म्हणाले, ही सुरुवात आहे. घरी नवऱ्याला आणि मुलीला माहीत होतं. शाळेत कुणालाच नाही.

"वर्गातलं मी सांभाळते, हातात पुस्तक असतं. पण ही प्रार्थना, सर — ती मला अजून पाठ आहे. सकाळी ती म्हटली की दिवसभर शब्द जागेवर राहतात. असं मला वाटतं बरं का, डॉक्टर काही म्हणाले नाहीत. मला गॅदरिंगपर्यंत म्हणू द्या. मग मी आपली आपण थांबते." आणि म्हणाल्या, "कधी अडखळलेच, तर तुम्ही शेजारी असताच. पुढची ओळ तेवढी जोरात म्हणा. पोरं उचलतील. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही काळजीच करू नका. मी आहे ना."

मी आहे ना! किती सोपं वाक्य आहे हे.

तो शनिवार त्याच आठवड्यातला. बाईंनी पहिलं कडवं नीट म्हटलं. दुसऱ्याच्या तोंडाशी थांबल्या. पुन्हा पहिल्यावर आल्या. पोरांनी मुकाट्यानं मागून म्हटलं. पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाशी आल्या, आणि पुन्हा मागं. आता पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली. तिसऱ्यांदा त्या पहिल्या ओळीवर आल्या तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

मी हाताच्या अंतरावर उभा होतो. पुढची ओळ मला येत नव्हती का? येत होती. अजून येते. ओठांवर होती ती. पण त्याच क्षणी मला दुसरंही काहीतरी सुचलं होतं. आणि ते — कसं सांगू — ते फार फक्कड होतं. पुढची ओळ म्हटली असती, तर कोण हसणार होतं?

मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "मुलांनो, आज आपल्या प्रार्थनेची गाडी खुलताबादचा घाट काही चढेना! तीनदा खाली आली. पाठक बाई, ब्रेक धरा, मी चाकाला दगड लावतो."

पटांगण फुटलं. असा हशा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. शिक्षक हसले. फाटकाशी उभे पालक हसले. सय्यदमामा खांबाला टेकून हसले. आणि बाईही हसल्या. तोंडावर हात ठेवून, मान खाली घालून, हसल्या. मग तसाच हात तोंडावर ठेवून त्यांनी एकदा वर पाहिलं. माझ्याकडं. त्या नजरेत राग असता तर मी तो आजवर वापरला असता, 'रागावल्या होत्या बिचाऱ्या' असं म्हणून. राग नव्हता. दुकानात गेल्यावर आपण कशाला आलो होतो हे विसरलेलं माणूस पाहतं ना, तसं पाहत होत्या.

सोमवारी त्या माइकजवळ आल्या नाहीत. घसा बसलाय म्हणाल्या. मंगळवारीही बसलेलाच होता. पुढं नववीतल्या दोन मुली प्रार्थना सांगायला लागल्या. वर्गात कुणी फळ्यापुढं अडलं की पोरं ओरडायची, "दगड लाव, दगड!" मी दटावायचो. दटावताना आत कुठंतरी बरंही वाटायचं — आपलं वाक्य चालतंय म्हणून. लिहायचंच आहे तर हेही लिहायला हवं.

गॅदरिंगच्या आधीच बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तोवर आजाराचं सगळ्यांना कळलं होतं. निरोपसमारंभाला स्टाफरूमचा चेहरा उतरलेला. जो तो त्या शनिवारी आपण हसलो हे आठवत होता. आणि मी बोलायला उभा राहिलो. बोलता तर मला येतंच. म्हणालो, "त्या दिवशी मी बाईंची चेष्टा केली. मला जरा जरी कल्पना असती, तर माझी जीभ रेटली नसती."

एका मॅडमनी डोळे पुसले. सय्यदमामा नंतर म्हणाले, "सर, आपको क्या मालूम था! दिल छोटा मत करो."

बाई समोरच्या खुर्चीत होत्या. हार गळ्यात, नारळ मांडीवर. हे वाक्य बोलताना मी त्यांच्याकडं पाहिलं. कशासाठी, माहीत आहे? लाज वाटून नाही. त्यांना तो सोमवार आठवतोय का, हे बघायला. बाईंचं विसरणं वाढलेलं असावं, दार लोटून सांगितलेलं सगळं पुसलं गेलेलं असावं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं. त्यांच्या आजाराच्या आधारानं मी ते खोटं उभं केलं. चेष्टा सगळ्यांना माहीत आहे. मला कल्पना होती, हे कुणालाच माहीत नाही.

बाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही हललं नाही. आठवत होतं की नव्हतं? मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर एकदाच त्यांच्या घरी गेलो, औरंगपुऱ्याच्या मागं. तेही औरंगपुऱ्यात त्यांची मुलगी भेटली आणि "सर, या ना आत्ताच" म्हणून घेऊन गेली. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी कोण ते त्यांना कळलं नाही. मुलीनं चहा ठेवला आणि सांगत राहिली — जेवण अजून आपल्या हातानं जेवते, आजोबांचा फोटो ओळखते.

"एक गंमतच आहे बघा, सर," ती म्हणाली. "आजोबांची प्रार्थना जाणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. तीच पुरी म्हणत नाही. सुरू करते, पहिलं कडवं म्हणते, मग थांबते आणि तोंडावर हात ठेवून हसते. रोज. कुणाला बघून हसते, काय माहीत. आम्ही विचारतो, आई, काय झालं? तर मान खाली घालते."

मला कळलं. तिला नाही कळलं. ती चहात साखर ढवळत होती.

मी काय केलं? चहा घेतला. चहा छान झालाय म्हणालो. दुसरं कडवं मला येत होतं — त्या खिडकीपाशी बसून म्हणू शकलो असतो. तिथं माइक नव्हता, पोरं नव्हती, हसणारं कुणी नव्हतं. तरी नाही म्हटलं. म्हटलं असतं, तर मुलीनं विचारलं असतं. मी चपला घातल्या आणि निघालो.

बाई गेल्या. पौषात. शनिवारच्या खबरबातीत मीच ते सांगितलं. शाळा त्यांची कायमची ऋणी राहील, असंही म्हणालो. भोंगा नेहमीसारखाच खणखणीत होता.

एवढंच आहे. मी तरुण होतो असं म्हणायला मी तरुण नव्हतो. गर्दीत सुचलं, बोलून गेलो, असं म्हणायला त्याआधी एक सोमवार होता.

हे लिहून झालं तेव्हा बायको मेथी निवडत बसली होती. मी काही लिहिलं की तिला वाचून दाखवतो, ही आमच्याकडची रीत. ती मधे मधे टोकते, मी चिडतो. आज तिनं टोकलं नाही. घाटाच्या वाक्यापाशी तिचे हात थांबले, ते पुढं चाललेच नाहीत. मी शेवटपर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"मी ऐकलं होतं ते," ती म्हणाली. "इथंच, भाकरी थापताना. आणि मी हसले होते. इतकी हसले, की भाकरी करपली."

तिनं हातातली जुडी ताटात ठेवली.

"बाईंनी सोमवारी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही मला घरी येऊन सांगितलं असतं, तर मी हसले नसते."