ट्रॅक्टर बंद केला अन् सगळे माझ्यावरच तापले

मंडळी, माझं डोकं चालंना झालंय. तुम्हीच सांगा.

आज आमच्या अहमदपूरकडच्या शेतात रशीदमामू त्यांच्या ट्रॅक्टरला बेलर यंत्र जोडून आले. सोयाबीनच्या काडाचे गोल गठ्ठे बांधायचे होते. दुष्काळाचं साल, जनावरांना तेवढाच चारा. मधेच बेलरचा पट्टा एका बाजूला सरकून घासायला लागला. मामूंनी मागचं दार वर उचललं अन् फिरत्या पट्ट्यांकडं हात नेला.

मी ओरडले, "मामू, आधी ट्रॅक्टर बंद करा!"

"बंद केल्यावर चालू कोण करील, पोरी? बॅटरी बसली हाय. सकाळी ढकलूनच चालू केला."

मी सरळ वर चढले, इंजन बंद केलं, चावी काढली. दार खाली येऊ नये म्हणून त्याचा खटकाही लावायला लावला. आत रोलरला काड अन् सुतळी गुंडाळली होती. ती कापून काढल्यावर पट्टा सरळ झाला.

मग काय, बेलर ट्रॅक्टरपासून सोडवून भर उन्हात सगळ्यांनी ट्रॅक्टर ढकलला. दीर म्हणाले, "लई शहाण्या झालात, वहिनी."

ढकलताना मामूंचे हात माझ्या हातांशेजारीच होते. दहाही बोटं जागेवर. तरी सगळ्यांची तोंडं बघून वाटायला लागलंय, माझंच चुकलं का?