पोचा पडलेलं झाकण

फुर्नाश गावच्या तळ्याकाठची जमीन ज्वालामुखीमुळे आतून धगधगते. पर्यटक तिथे नाक दाबून वाफांचे फोटो काढतात; लिओकादिया तिथे आपलं रविवारचं जेवण, म्हणजे कोझिदू, शिजवते. डुकराचं मांस, कोंबडी, सॉसेज, कोबी, अळकुड्या असं एकावर एक रचायचं, झाकण फडक्याने गच्च बांधायचं आणि पहाटे भांडं तिथल्या खड्ड्यांवर काम करणाऱ्या बेल्मिरूच्या हवाली करायचं. बेल्मिरू ते गरम खड्ड्यात पुरतो, वर माती लोटतो आणि ढिगावर नावाची पाटी रोवतो. दुपारी उकरून घरपोच आणून देतो. बाकीचं जमीन बघून घेते.

लिओकादियाला मात्र हे कधीच मान्य नव्हतं. "जमीन काय, सगळ्यांना सारखीच. माझ्या कोझिदूला चव आहे ती माझ्या हाताची!" हे तिने गावाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की लोक तिचं वाक्य तिच्याआधीच पुरं करत.

त्या रविवारी तर तिने जीव ओतला होता. एकुलता एक एलिझियू लग्नानंतर पहिल्यांदाच कॅनडाहून आला होता, बायकोला घेऊन. एरवी फोनवर "पुढच्या उन्हाळ्यात नक्की" म्हणायचा आणि उन्हाळा निघून जायचा. आता आईच्या हातचा एक घास पोटात गेला, की पोरगा दरवर्षी धावत येणार, अशी तिची खात्री होती. त्याच्या आवडीचा पुदिना तिने सढळ हाताने घातला होता.

चर्चमधून ती परतली तेव्हा सून ब्रेंडाने हौसेने सगळं ताटांत वाढून ठेवलं होतं. रिकामं भांडं ओट्यावर होतं. लिओकादियाची नजर झाकणावर गेली. तिच्या झाकणाला पोचा होता, नवऱ्याने एकदा रागाने आपटल्याचा. हे झाकण अगदी गुळगुळीत. तिने घाईघाईने एक घास तोंडात टाकला. पुदिना नावालाही नाही! हे भांडं भलत्याचंच होतं.

"आई, हीच ती चव!" एलिझियूने डोळे मिटले. "ब्रेंडा, सांगत नव्हतो तुला? हिच्या हातासारखं जगात कुठे मिळायचं नाही."

लिओकादियाला असा राग आला! पोटच्या पोराला आईचा हात ओळखू येऊ नये? ती तोंड उघडणार, तोच तिला दिसलं, पोराचे डोळे भरून आले होते.

"आता दर उन्हाळ्यात यायचं. ठरलं," तो म्हणाला, आणि ब्रेंडाने हसून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेवढ्यात दारात बेल्मिरू. घामाघूम, काखेत पोचा पडलेल्या झाकणाचं भांडं. लिओकादिया लगबगीने बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

"ताई, मारा मला. पर्यटकांनी फोटोसाठी पाट्या उपटल्या आणि भलत्याच ढिगांवर रोवल्या. तुमचं भांडं हॉटेलात गेलं, हॉटेलचं इथे आलं."

"आणि?"

"आणि काय! तळ खरवडून खाल्लं लोकांनी. पुदिन्याचं तर काय कौतुक!"

लिओकादियाचा चेहरा उजळला. "मग आचारी काय म्हणाला?"

"म्हणाला, सगळी माझ्या हाताची चव."

तिला इतकं हसू आलं, की डोक्याचा रुमाल तोंडात कोंबावा लागला.

"ताई, पुढच्या वेळी पोरगा आला की पाटी धरून मी स्वतः बसतो. तुमचंच भांडं आणीन, शप्पथ."

"हळू बोल, मेल्या!" तिने दाराकडे पाहिलं. "पोरगा असेपर्यंत हॉटेलचंच आण."