होटगीच्या फाटकावरचे न निघालेले फोटो

दादाच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी काढलेल्या फोटोंपैकी एकही आमच्याकडे नाही. त्या दिवशी माझ्या कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. चूक माझी होती, आणि ती मी वहिनींच्या अंगावर ढकलली. हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. होटगीजवळच्या रेल्वे फाटकावर तो गेटमन होता. गाडी यायच्या आधी फाटक बंद करायचं, हिरवा झेंडा धरून उभं राहायचं आणि शेवटचा डबा पुढे जाईपर्यंत गाडीवरची नजर काढायची नाही, हे त्याचं काम. वडील लवकर गेले. पुढं त्यानं आणि वहिनींनी मला शिकवलं, म्हणून आज मी सोलापुरात एका कार्यालयात पंख्याखाली बसतो. उभ्या आयुष्यात गाड्यांतल्या माणसांनी खिडकीतून त्याला बघितलं, पण झेंडा धरलेला त्याचा एक फोटो घरात नव्हता. निवृत्त होताना त्याला तेवढाच हवा होता. "लई नकोत. एकच काढ, झेंड्यासकट," म्हणाला.

खरं तर त्यानं गावातल्या फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मीच तो रद्द करायला लावला. घरात नवा कॅमेरा असताना बाहेरचा माणूस कशाला, असं माझं म्हणणं.

कॅमेरा घेताना दुकानदारानं मला दोनच गोष्टी सुचवल्या होत्या: आणखी एक कार्ड आणि आणखी एक बॅटरी. बाकीचं नंतर घेतलं तरी चालेल, म्हणाला. हा माल खपवतोय असं मला वाटलं. मी घेतली ती भरपूर कप्प्यांची मोठी बॅग, तिपाई आणि लेन्सच्या तोंडाला लावायचं काळं हूड. या गोष्टी लोकांना दिसतात. जादा कार्ड आणि बॅटरी कुणाला दिसणार? माहितीपुस्तिका तर प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेरच काढली नाही. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला बटणं कशी दाबायची ते वाचावं लागतं का, ही घमेंड.

आदल्या संध्याकाळी मी अंगणातल्या जास्वंदीचे फोटो काढून सराव केला. ते संगणकावर बघायला कार्ड काढून रीडरमध्ये घातलं आणि ते तिथंच राहिलं. सकाळी बॅग खांद्याला लावून निघालो. निघताना कॅमेऱ्याच्या कार्डाच्या कप्प्याचं झाकण उघडून आत बघणं, एक फोटो काढून तो परत उघडून बघणं, एवढ्या दोन गोष्टी केल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं.

फाटकावर दादाचे सोबती हार घेऊन आले होते. वहिनी ओवाळायचं ताट घेऊन शेडच्या सावलीत बसल्या होत्या. मी सगळ्यांना जागा दाखवत होतो, इकडं सरका, तिकडं उभे राहा. काहीजणांनी मोबाइल काढले तर मी ते खिशात ठेवायला लावले. तुमचे हात फोटोत येतात, चांगला कॅमेरा आहे ना इथं, असं म्हणालो. हूड उलटं बसवलेलं होतं, तेही मला माहीत नव्हतं. एकानं विचारलं, "हे असंच असतंय का?" मी हो म्हणालो.

कॅमेरा कार्डाशिवायही खटके देत होता. प्रत्येक खटक्यानंतर मागच्या पडद्यावर फोटो क्षणभर दिसायचा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी लिहून यायचं, पण तिथल्या उन्हात पडदा धड दिसत नव्हता आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही. बॅटरी एकच होती. ती संपेल म्हणून मागचे फोटो उघडून बघायचेही टाळले.

मग त्याची शेवटची गाडी आली. दादा झेंडा धरून उभा राहिला. मी समोर जाऊन ओरडलो, "दादा, इकडे बघ." तो बघेना. गाडीच्या चालकानं लांबलचक भोंगा दिला, डबे जात राहिले, आणि मी चिडून पुन्हा पुन्हा हाका मारत होतो. शेवटचा डबा गेल्यावर तो वळला. डोळे भरलेले होते. "गाडी जाताना दुसरीकडं बघता येत न्हाय लेका," एवढंच म्हणाला.

समारंभानंतर जेवताना मी कॅमेरा वहिनींच्या हातात दिला, धूळ लागू देऊ नका म्हणून. त्यांनी तो पदरात गुंडाळून मांडीवर धरला. जेवण होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

सोलापूरला घरी येऊन झाकण उघडलं तर कार्डाची जागा रिकामी. कार्ड टेबलावर रीडरमध्ये होतं आणि त्यात जास्वंदीची फुलं होती. तेवढ्यात दादाचा फोन आला, झेंड्याचा फोटो आला का म्हणून. विचार करायला मला वेळ लागला नाही, याचीच आता लाज वाटते. मी म्हणालो, कार्डातलं सगळं उडालंय, कुणीतरी मधे कॅमेऱ्याचं झाकण उघडलेलं दिसतंय.

"कुणाकडं हुता?"

"वहिनींकडं होता थोडा वेळ."

या शेवटच्या वाक्यातला शब्दही खोटा नव्हता, असं मी नंतर स्वतःला समजावत राहिलो. फोनवर मागून वहिनींचा आवाज येत होता. "मी निस्ता मांडीवर धरला हुता. झाकण कुटं हाय त्ये बी मला ठावं न्हाय." आणि दादा त्यांना म्हणाला, "गप बस. कळत न्हाय तर हात कशाला लावायचा?" मग मला म्हणाला, जाऊ दे, तू वाईट वाटून घेऊ नको.

दादाच्या शेवटच्या गाडीच्या क्षणाचा एकच फोटो आहे. दादाच्या एका सोबत्यानं माझी नजर चुकवून मोबाइलवर काढलेला. त्यात मधोमध माझी पाठ आहे, आणि पाठीमागून झेंडा धरलेला एक हात बाहेर आलेला दिसतो.

त्यानंतर वहिनींनी कुणाचा मोबाइलही हातात धरला नाही. नातवाच्या बारशाला सुनेनं दोन मिनिटं फोन धरा म्हटलं, तर त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नगं बाई, माज्या हातात बिगडतंय," म्हणाल्या. सगळे हसले. दादाही हसला. मीही हसलो.

गेल्या वर्षी दादा गेला. हार घालायला फोटो हवा होता म्हणून त्याच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. चेहरा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. तो भिंतीवर टांगताना मी स्टूल धरलं होतं.

परवा पुतणी नवा कॅमेरा घेऊन होटगीला आईकडं आली आणि मला बोलावून घेतलं. काका, याच्याबरोबर अजून काय काय घेऊ, असं तिनं विचारलं. वहिनी जवळच बसून ज्वारी निवडत होत्या. मी सांगत गेलो. जादा कार्ड घे, जादा बॅटरी घे, धूळ उडवायला रबरी फुंकणी घे, गळ्यात पट्टा घातल्याशिवाय कॅमेरा हातात घेऊ नकोस. तिपाई सवडीनं. आणि सगळ्यात आधी, कार्ड नसताना खटका बसू देण्याची सोय बंद कर.

ती यादी लिहिता लिहिता थांबली. "म्हणजे कार्ड नसलं तरी फोटो निघाल्यासारखा वाटतो?"

"हो."

"तुमचं झालंय का असं कधी?"

सुपातला वहिनींचा हात थांबला. त्या माझ्याकडं बघत होत्या. अजूनही हसून टाळता आलं असतं, आणि पुतणीनं ते खरं मानलं असतं.

"झालंय," मी म्हणालो. "दादाच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. मग त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, जणू दुसऱ्याचेच होते.

"भावजी, ह्ये त्येनी असताना सांगाया पायजे हुतं की," त्या म्हणाल्या. "जाताना बी त्येंच्या मनात चूक माजीच हुती."

मी खाली बसलो. भिंतीवरचा दादा समोर होता. "वहिनी, कार्ड मी घरी विसरलो होतो," मी म्हणालो. "तुमच्या हातून काहीच झालं नव्हतं. तुम्ही नुसता सांभाळला होता. दादाला मी खोटं सांगितलं आणि तुम्हाला बोलणी खाऊ दिली. मला माफ करा."