सात नंबरची जर्सी

कालेजनं माझ्या लेकीची सात नंबरची जर्सी काचेत घालून भिंतीवर टांगली, वरनं झेंडूचा हार घातला, अन् म्या झटकन वळून लेकीकडं बघितलं. लेक तर शेजारीच बसलेली, हसत.

"आये, मान हाय ह्यो. बास्केटबॉलात सात नंबर आता हितं कुनीच घालनार न्हाई."

"पर हार कशाला गं, जित्या मानसाच्या कापडाला?"

"गप की, सर बघत्यात."

पर भ्या जाईना. आमच्यात जित्या मानसाचं कापड धाकटं घालतं, फाटलं की गोधडीत जातं. ही थोरलीच्या परकरावरच वाढली. कुनीच घालायचं न्हाई असं कापड म्या हिच्या बापाचंच बघितलं. खानीतनं त्येला उचलून आनला, तवा सदरा खुंटीला तसाच हुता. तवा रडाय सवड न्हवती, दुसऱ्या दिशी मजुरीची पाटी उचलली. आज मातर सवड हुती.

मानसं टाळ्या वाजवीत हुती. मी उठले, जर्सीवरचा हार काढला अन् लेकीच्या गळ्यात घातला.

"आये, समदी हसत्यात!"

"हसू देत," म्हनलं, अन् तिच्या छातीवर त्यो हार खाली-वर हुतोय का, तेच बघत बसले.