रिकाम्या केबिनमधला आकडा

माझी अक्षरओळख पुस्तकांवर झाली नाही, पत्रकांवर झाली. आई दारूबंदीच्या महिला गटात होती आणि वडील छापखान्यात. आमच्या घरी फडताळात अंथरलेला कागदही पत्रकाचाच असायचा. त्यामुळे पांढरकवड्याच्या पुढं, हायवेलगतच्या एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात ड्रायव्हरांचा श्वास तपासायची नोकरी मिळाली तेव्हा मला ती नोकरी वाटलीच नाही. आईचंच काम आता मी यंत्र घेऊन करणार, असं वाटलं.

यार्डाच्या मागं सागाचं जंगल. गेटजवळ पत्र्याची केबिन, मध्ये प्लायवूडची भिंत. पुढच्या भागात माझं टेबल, मागच्या भागात जुने टायर आणि अडगळ. यंत्र टीव्हीच्या रिमोटएवढं. तपासायच्या पद्धती दोन. एकीत नळी लावून जोरात फुंकायचं. दुसरीत यंत्र तोंडापासून चार बोटांवर धरायचं आणि माणसानं एक ते दहा आकडे मोठ्यानं म्हणायचे. ही दुसरी म्हणजे नुसती चाळणी. हिच्यात काही दिसलं तर पंधरा मिनिटं थांबून नळीनं पुन्हा तपासायचं, तरीही दिसलं तर रक्त तपासायला पाठवायचं, असं यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं.

नळ्या दुसऱ्याच महिन्यात संपल्या. सुपरवायझरना सांगितलं, तर म्हणाले, "आकडा दिसते ना? मग नळी कायले पायजे? गाड्या थांबवून ठेवू नको." मी नळ्यांसाठी दोन अर्ज केले आणि तपासणी तशीच चालू ठेवली. अर्ज केला की माझी जबाबदारी संपली, असं मला तेव्हा वाटत असे.

पुस्तिकेतली एक गोष्ट मात्र मी कधी चुकवली नाही. रोज सकाळी यंत्राला आधी रिकामी हवा दाखवायची आणि शून्य आल्याची नोंद करायची. गेटची साखळी काढता काढता, बाहेर उघड्यावर, मी ते उरकायची. मग केबिन उघडायची.

पहिली गाडी रोज एका काकांची असे. कळंबकडचे, पन्नाशीचे. मी यायच्या आधीच ते केबिनच्या दाराशी उभे असत, हातात स्टीलचा डबा. त्यांचा बाप दारूनं गेला होता. लहानपणी हेच त्याला भट्टीवरून हाताला धरून घरी आणत. स्वतः त्यांनी कधी थेंब घेतला नव्हता, आणि यार्डात त्यावरून त्यांची टिंगल चाले. "काकाच्या चहात पाणी जास्त टाक रे, नाही तर चढते त्याइले," असं कोणी म्हणालं की काकाही हसत.

मार्च सरता सरता मोह गळायला लागला. गेटवरचे चौकीदारबाबा कोलाम आदिवासी. ते पहाटे झाडाखालची फुलं वेचून पत्र्यावर वाळवत आणि व्यापारी येईपर्यंत साठवत. पोती केबिनच्या मागच्या भागात ठेवू का, असं त्यांनी मला विचारलं. सुपरवायझर नको म्हणाले असते, मी हो म्हणाले. मोहफूल म्हणजे दारू नव्हे, ते जंगलात राहणाऱ्यांचं अन्न आहे आणि त्यावर त्यांचा हक्क आहे, हे मी पत्रकातच वाचलं होतं. ते खरंही आहे. पुढं दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, पत्र्याच्या फटीतून पाणी आलं. आम्ही पोती वरून पुसली आणि तशीच ठेवली. वासाचं म्हणाल, तर त्या दिवसांत सगळं यार्डच मोहाच्या वासात बुडालेलं असतं. नाक काही सांगेनासं होतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी केबिन उघडली, काका माझ्या मागोमाग आत आले आणि आकडे म्हणू लागले. सातावर यंत्र वाजलं. अठरा. कंपनीची मर्यादा शून्य होती.

"काय झालं बाई?"

"पुन्हा म्हणा, काका."

पुन्हा म्हणाले. सोळा.

"खर्रा खाल्ला का?"

"मी खर्रा खात नाही, तंबाखू-सुपारीले हात लावत नाही. तुले माहीत हाये."

पंधरा मिनिटं थांबायला हवं होतं. बाहेर पाच-सहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी रजिस्टरमध्ये अठरा लिहिलं. काकांना चार दिवस गाडी मिळाली नाही. ते परत आले त्या सकाळी पुन्हा तेच, या वेळी तेवीस. तिसऱ्या खेपेला नोकरी जाणार, असा नियम होता.

"काका, यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणाले.

त्यांनी हातातला डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मंग मी बोलून राह्यलो असन."

रक्त तपासा, असं त्यांनी सुपरवायझरना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "त्याच्यासाठी यवतमाळले जा लागते. कोण जाईन तुमच्या संगं? आता सांभाळून राहा, बस."

त्या दुपारी काका मला पाण्याच्या टाकीपाशी भेटले. ऊन इतकं होतं, की यार्डात सावली म्हणून नव्हती. ते अगदी हळू बोलत होते, जसं कोणी पाठीमागून ऐकत असावं.

"बाई, माणूस निजेत उठून पेऊ शकते का?"

"असं कसं होईल?"

"घरवाली झोपत नाही. माह्या तोंडाचा वास घेत बसते. वास नाही येत म्हणते. दोन दिसांपासून मी पाय खाटंले बांधून निजतो. तरी सकाळी इथं आकडा येते." त्यांनी मागं वळून पाहिलं. "बाप दिसते मले. खाटंजवळ उभा रायते, काही बोलत नाही. मले वाटते, थोच पेऊन राह्यला. माह्या तोंडानं."

भर उन्हात माझ्या हातावर काटा आला. आणि मी काय केलं, तर पिशवीतून व्यसनमुक्तीचं पत्रक काढून त्यांना दिलं. त्यांनी ते नीट चार घड्या करून खिशात ठेवलं.

तिसऱ्या खेपेला एकतीस आला. या वेळी काकांनी वाद घातला नाही. आकडा दिसताच त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तो आधीच कळला होता. साहेबांनी कागद पुढं केला आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की माझ्या नकळत मी दारू प्यालो असेन. डबा घेऊन ते पायीच हायवेकडं गेले.

दोन दिवसांनी तालुक्यात बंद होता. एकही गाडी सुटणार नव्हती, पण रजिस्टर पुरं करायचं म्हणून मी गेले. हायवे इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. बाहेर रिकाम्या हवेचं शून्य घेतलं, केबिन उघडली, बसले. शून्य लिहायला पेन उचललं आणि का कोण जाणे, तिथंच पुन्हा एकदा बटण दाबलं.

यंत्र वाजलं. एकोणीस.

केबिनमध्ये कोणी नव्हतं. मी स्वतःचा श्वास रोखून धरला आणि पुन्हा दाबलं. एकोणीस. काकांचं टाकीपाशी झालेलं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू आलं. लहानपणापासून मी भुताखेतांविरुद्धची पत्रकं वाटत आले होते, पण त्या क्षणी मला दाराकडं पाठ करवेना. यंत्र हातभर पुढं धरून मी एक पाऊल टाकलं. चोवीस. प्लायवूडपाशी अठ्ठावीस. जणू तिथं कोणी उभं होतं आणि मी त्याच्या तोंडाजवळ जात होते. भिंतीपलीकडं गेले तेव्हा छत्तीस.

टायरांच्या मागं पोती होती. वरच्या पोत्यावर हात ठेवला. ते कोमट होतं, निजलेल्या माणसाच्या पाठीसारखं. कान लावला तर आत अगदी बारीक बुडबुडे फुटत होते. भिजलेली फुलं आत आंबत होती.

मी तिथंच खाली बसले. सगळं कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. रात्रभर बंद असलेल्या केबिनमध्ये सगळ्यांत आधी काका शिरत. नळी नव्हती, त्यामुळं यंत्र त्यांच्या श्वासासोबत केबिनची हवाही घेत होतं. दार उघडं राहिलं की हवा निघून जाई, मागच्यांना शून्य येई; काका नसत त्या दिवशी पहिला ड्रायव्हर येईपर्यंतही दार बराच वेळ उघडंच असे. काका वेळेवर येत, एवढीच त्यांची चूक. शून्य बाहेर मोजून माणसाला आत मोजायची पद्धत माझी होती. पोत्यांना परवानगीही मीच दिली होती.

सुपरवायझरना मी सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, "त्यानं स्वतः लिहून देल्लं ना, पेलो म्हणून? मग तू काहून मधात पडतं?"

मग मला येतं ते मी केलं. एका पानाचं पत्रक लिहिलं. तीन आकडे खोटे आहेत, ते कसे आले आणि चूक कोणाची आहे. खाली माझं नाव. झेरॉक्स काढून प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये ठेवलं. दुसऱ्या सकाळी एकाही ड्रायव्हरनं आकडे म्हटले नाहीत. "नळी आणा, अन् उघड्यावर तपासा," एवढंच त्यांचं म्हणणं. तीन दिवस गाड्या उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी नळ्या आल्या, माझं टेबल कडुनिंबाखाली गेलं आणि काकांना निरोप गेला.

निरोपाआधीच मी त्यांच्या घरी जाऊन आले होते. पाऊस, पोती, बंद दार, सगळं सांगितलं. मी माफी मागितली. त्यांची बायको पदर तोंडाला लावून रडली. "मी सांगतच होती ना तुमाले," ती म्हणाली. काकांनी तिला पाणी आणून दिलं.

"पोत्याचं खरं असन, बाई," ते म्हणाले. "पण मंग बाप कायले येत होता?"



काका कामावर परत आले. आता ते रांगेत शेवटी उभे राहत. पहिल्या दिवशी नळीतून फुंकलं, शून्य आलं, मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी नळी हातातून सोडली नाही.

"अजून एक डाव घे."

"काहून काका? शून्य आहे ना."

"हे माह्यं झालं. आता त्याचं घे."

मागं कोणी हसलं नाही. मी त्यांना समजावायला हवं होतं, ते मी केलं नाही. पुढं नोकरी सोडेपर्यंत रोज मी काकांसमोर यंत्र दोनदा धरलं. दोन्ही वेळा शून्यच येई. फक्त दुसरं उमटायला जरा जास्त वेळ लागतो, असं मला वाटायचं. यंत्र तेच, माणूस तोच. घड्याळ लावून ते मी कधी पाहिलं नाही.