ब्रूनोचं नाक आणि काकूंची फरशी

आधीच माफी मागून ठेवतो. लिहून लोकांना सांगावं एवढा मी कुणी मोठा नाही. डॉक्टरही नाही. बारामतीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दुपारनंतर पाळीव प्राण्यांच्या एका क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून काम करतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिलेलं घरी कुणाकडून तपासून घ्यायची सोय नाही. क्लिनिकच्या मॅडम म्हणाल्या, "जसं झालं तसं लिही. कुत्री पाळणाऱ्यांना उपयोग होईल." म्हणून लिहितो. काही चुकलं तर ती चूक माझी, मॅडमची नाही.

तर त्या मंगळवारी ब्रूनो हॉलच्या मधोमध उभा होता आणि एकामागून एक शिंका देत होता.

ब्रूनो म्हणजे पाच वर्षांचा लॅब्राडोर, वजनाने चांगलाच सुटलेला. त्याच्यासमोर मी पुठ्ठ्याची तीन खोकी मांडली होती. एका खोक्यात खरपूस भाजलेल्या भाकरीचा तुकडा, बाकी दोन रिकामी. त्याने हुंगून तुकडा शोधायचा, खेळ एवढाच. ब्रूनोने शिंकून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलंही नाही, आणि पलंगाखाली जाऊन आडवा झाला.

पलंगावर तात्या बसले होते. बारामतीजवळच्या जळोचीतला हा बंगला त्यांचा. साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे, आजच्यापुरतं."

"असू दे. आमच्या कारखान्यातबी असंच व्हायचं. रातंदिस चालणारी मशीन, सायेब बघाय आला की बंद पडायची."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. मी नुसता हसलो.

हा ब्रूनो खरं तर तात्यांच्या मुलाचा. मुलगा पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये गेला, तिथे सोसायटीत कुत्रं चालेना, म्हणून ब्रूनो जळोचीत आला. तात्या त्याला रोज सकाळी कालव्याच्या कडेने लांब फिरवून आणायचे. मग ऑपरेशन झालं आणि फिरणं बंद पडलं. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, एकदा साखळी धरून नेलं, तर ब्रूनो एका मांजरामागे असा सुटला की काकू रस्त्यावर पडल्या. त्यानंतर त्याला कुणी बाहेर नेलं नाही. दिवसभर रिकामा बसलेला कुत्रा करतो ते सगळं त्याने केलं. चपला चावल्या, सोफ्याचा कोपरा उसवला, आणि शेवटी तात्यांच्या वॉकरच्या पायांची रबरी बुचं कुरतडली. ती बुचं गेल्यावर वॉकर फरशीवर घसरायला लागला. तिथे काकूंचा धीर संपला. त्यांनी इंदापूरला भावाला फोन केला. भावाची केळीची बाग आहे. येता रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी तो पिकअप घेऊन येणार आणि ब्रूनोला शेतावर नेऊन बांधणार, असं ठरलं.

तात्या यावर काहीच बोलले नव्हते. पण क्लिनिकला फोन त्यांनीच केला होता. काकू मंदिरात गेल्याची वेळ साधून.

मॅडमनी मला हे काम दिलं तेव्हा थोडं समजावून सांगितलं होतं. कुत्रा जग नाकाने वाचतो. त्याला पायाने दमवता येत नसेल तर नाकाने दमवायचं. खाऊ लपवून ठेवायचा आणि त्याला शोधायला लावायचं. आधी त्याच्या डोळ्यांसमोर लपवायचं, मग त्याच्या पाठीमागे, मग दुसऱ्या खोलीत. बोटाने दाखवायचं नाही. सापडलं की शाबासकी द्यायची. त्याला अजून हवं असतानाच खेळ थांबवायचा. आणि लपवलेला खाऊ त्याच्या रोजच्या खाण्यातून वजा करायचा, नाहीतर वजन अजून वाढतं. याला त्या सेंट गेम्स म्हणतात, म्हणजे वासाचे खेळ. नीट चालला तर पाव तासात कुत्रा शांत होतो आणि मजेत झोपतो.

मी हे घरी फोनवर सांगितलं. माझे वडील उसाचा ट्रॅक्टर चालवतात. ते म्हणाले, "भाकर लपवायची आन् कुत्र्यानं हुडकायची. आन् ह्याला कॉलेज लागतं व्हय?"

त्या मंगळवारनंतर मलाही तीच शंका यायला लागली होती.

मॅडम म्हणाल्या, "खाऊ वासाला कमी पडत असेल. जास्त वासाचं काहीतरी बघ." माझी मावशी भिगवणला राहते. तिच्याकडून वाळवलेली बारकी मासळी मागवली. मीठ जावं म्हणून ती रात्रभर भिजवली, धुतली, तव्यावर कोरडी केली. होस्टेलच्या खोलीत त्या वासावरून माझं काय काय झालं ते इथे लिहीत नाही. पार्टनर दोन दिवस शेजारच्या खोलीत झोपला एवढंच सांगतो.

शनिवारी ती मासळी घेऊन ठरल्या वेळी साडेचारला गेलो. काकूंनी दार उघडलं. "या डॉक्टर, या," म्हणाल्या. मी डॉक्टर नाही असं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. त्यांनी ट्रेमधून पाणी आणलं. हॉल नेहमीसारखा चकचकीत होता आणि सगळीकडे तो नेहमीचा उग्र, स्वच्छ वास होता. आमचं घर दोन खोल्यांचं, अंगण सारवलेलं. मला वाटलं, बंगल्यांना असाच वास येत असेल.

ब्रूनो आला, एकदा हुंगलं, तीनदा शिंकला, पलंगाखाली गेला.

"अरे, काल तर सापडवलं की ह्यानं!" तात्या म्हणाले. "पाचच्या पाच! व्हय का न्हाय गं?"

"मी सैपाकघरात व्हते," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, तात्या माझं मन राखतायत. मॅडमनाही तसंच वाटलं. क्लायंट असं बोलतात म्हणाल्या.

जाताना काकू फाटकापर्यंत आल्या. "डॉक्टर, तुमी लई धडपड करताय. पण ह्यात तुमचा काय दोष न्हाय बरं. कुत्रंच आळशी हाय. तितं शेतात मोकळी हवा तरी मिळंल त्याला."

"तिथे बांधून ठेवणार ना, काकू?"

त्यांनी वळून उघड्या दारातून घरात पाहिलं. आत तात्यांचा हात पलंगावरून खाली लोंबकळत होता आणि ब्रूनोचं डोकं त्या हाताखाली होतं. ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

शेवटची भेट गुरुवारची. त्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल झालं नाही, म्हणून मी साडेचारऐवजी तीनलाच पोचलो. फोन केला नाही, ही माझी चूक. पण त्या चुकीनेच पुढचं सगळं कळलं.

दार उघडं होतं. काकू पदर खोचून, बादली घेऊन हॉल पुसत होत्या. अर्धा हॉल ओला, अर्धा कोरडा. बादलीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालेलं. फिनेलची बाटली शेजारीच, निम्मी रिकामी.

"आवो थांबा, थांबा! पाय ठिवू नका, वलं हाय! तुमी तर साडेचारला येनार व्हता!"

मी दारातच थांबलो. आणि तिथून मला ब्रूनो दिसला. तो कोरड्या भागात होता. नाक जमिनीला, शेपूट हवेत, एखादा माणूस हरवलेली किल्ली शोधतो तसा टीपॉयच्या कडेने चालला होता. टीपॉयच्या मागे तात्यांनी पलंगावरूनच टाकून ठेवलेला तुकडा त्याने काढला, खाल्ला आणि पुढे निघाला. ओल्या फरशीच्या रेघेपाशी पोचला. शिंकला. मागे फिरला. पुन्हा रेघेपाशी आला, पुन्हा शिंकला.

मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी फरशीकडे पाहिलं.

"काकू," मी विचारलं, "रोज पुसता का असं?"

"रोज कुठं बाळा, रोज नुसतं पानी मारते. तुमी येनार असला की मग पुसते नीट. डॉक्टरकडचं मानूस येनार, घर कसं दिसाय पायजे?"

कुत्र्याचं नाक आपल्या नाकापेक्षा कितीतरी पटीने तिखट. आपल्याला फिनेलचा वास जरा जास्त वाटतो, त्याला तो नाकात मिरची गेल्यासारखा होत असणार. त्यातून भाकरी काय आणि मासळी काय, काहीच कळणार नाही. शिवाय ती फरशी पायाला लागते आणि तो पाय चाटतो, तेही वाईट. हे सगळं मला तिथेच सांगता आलं असतं. सोपं होतं.

पण सांगता आलं नाही. माझ्या येण्यासाठी आजवर कुणी काही पुसलं नव्हतं. बाई गुडघे टेकून फरशी घासतायत, तीही माझ्यासाठी, आणि मी म्हणणार की तुमच्या पुसण्यानेच बिघडलं? "आज मागच्या व्हरांड्यात खेळू," एवढंच म्हणालो. व्हरांड्यात ब्रूनोने पाचही तुकडे काढले. काकू आत चहा करत होत्या. त्यांनी पाहिलंच नाही.

संध्याकाळी मॅडमना सांगितलं.

"मग त्यांना सांगितलंस?"

"नाही मॅडम."

"का?"

"त्या माझ्यासाठी पुसत होत्या."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझ्यासाठी निम्मी बाटली ओततात. रविवारी त्यांचा सख्खा भाऊ येणार. त्याच्यासाठी किती ओततील?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तो भाऊ हॉलमध्ये बसणार. त्याच्यासमोर कुत्रा शिंकून पलंगाखाली जाणार. आणि मग पिकअपमध्ये. फोन कर. आत्ता, माझ्यासमोर."

मी फोन लावला. काकूंनीच उचलला. मी पाठ केल्यासारखं बोललो. फिनेल नको, उदबत्ती नको, रविवारी फक्त साधं पाणी.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "म्हंजी माज्या घराला वास येतो म्हना की."

"तसं नाही काकू. चांगला वास येतो. पण तोच..."

फोन बंद झाला.

रविवारी भिगवणला क्लिनिकचं रेबीज लसीकरणाचं शिबिर होतं, माझी ड्यूटी तिकडे लागली. दिवसभर कुत्री धरली, रजिस्टर भरलं, आणि दर पंधरा मिनिटांनी मोबाईल पाहिला. कुणाचा फोन नाही. सोमवारीही नाही. आपण करावा, तर काकूंनी मागच्या वेळी फोन मध्येच ठेवलेला. मॅडमनी एकदा लावला, लागला नाही. बुधवारी सायकलवरून जळोचीला गेलो. फाटकाला कुलूप. पायरीजवळ ब्रूनोचं पाण्याचं भांडं असायचं, तेही नव्हतं.

ब्रूनो गेला असंच मी धरलं. तात्या पुण्याला मुलाकडे गेले असतील असंही धरलं. कामात लक्ष लागेना असं काही झालं नाही, परीक्षा होती. पण फिनेलचा वास आला की ती निम्मी रिकामी बाटली आठवायची, आणि क्लिनिकमध्ये तो रोजच येतो.

जवळजवळ महिन्याने एक गृहस्थ क्लिनिकमध्ये आले. सोबत शेतावरचं एक दांडगं काळं कुत्रं, गळ्यात साखळीचा जुना वळ.

"ते हुंगायचा खेळ शिकवनारे तुमीच का?" त्यांनी मला विचारलं. "मी इंदापूरचा. जळोचीच्या ताईचा भाऊ."

मी उभाच राहिलो.

"काय सांगू पाव्हणं," ते बाकावर बसत म्हणाले. "त्या रविवारी ताईच्या घरात पाय ठिवला आन् दचकलो. फरशीवर सकाळच्या चहाचा डाग! म्हनलं, ताई, आजारी हायस का काय? तर म्हनती, गप बस, आज कुत्र्याचा पेपर हाय."

"मग? सापडलं त्याला?"

"सापडलं की. समदं सापडलं. पन मला त्याचं काय इशेष वाटलं न्हाय. म्हनलं, भुकेलं असंल. मी साखळी हातात घेतलीबी व्हती."

"मग?"

"मग दाजी उठलं." दाजी म्हणजे तात्या. "वॉकर न्हाय, काय न्हाय. भिताडाला धरून उठलं, मुठीत तुकडा घेतला आन् आतल्या खोलीत चाललं. म्हनलं, दाजी, कुठं निगालात? तर म्हनं, ह्यो सोपा पेपर व्हता, थांब, आता अवघड काढतो. ताई तीन म्हयनं मागं लागली व्हती, चाला, चाला, डॉक्टरनी सांगितलंय. वॉकरबिगर एक पाऊल टाकलं नव्हतं मानसानं. ताई तितंच उंबऱ्यावर बसली. मी साखळी खिळ्याला अडकिवली."

"पण घराला तर कुलूप होतं."

"असंल की. पिकअप आनलाच व्हता, रिकामा कशाला न्यायचा? तिघांनाबी घालून नेलं. परवा सोडलं जळोचीला. म्हयनाभर केळीच्या बागेत दाजी फुडं तुकडं लपवत्यात आन् ते मागं हुडकतंय. आन् आमचा ह्यो खंड्या साखळीला बसून बगतोय. सा वर्स बांधलाय. मलाच कसंतरी व्हाय लागलं." त्यांनी काळ्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. जरा अवघडूनच ठेवला. "ह्यालाबी येईल का ते?"

येईल, म्हणालो.

या कामातून मी शिकलो ते एवढंच. खेळ फसला तर कुत्र्याच्या नाकाला दोष देण्याआधी आपलं नाक वापरावं. आणि आपण पोचण्याआधी त्या घरात काय काय झालं, ते विचारावं. लाज वाटली तरी विचारावं.

खंड्याचं वजन करून मी कागद भरत होतो तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "आरं हां, ताईनं निरोप दिलाय तुमाला. म्हनली, त्या पोराला सांग, रविवारी जेवाय ये. आन् यायच्या आदी फोन कर, म्हंजी फरशी पुसायची न्हाय."